पाण्याखालचा शिरोबिंदू

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण सोडवायच्या तीन रीती शिकवतात: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे. पहिली मुलांना आवडते, तिसरी हमखास चालते. मधली बिचारी अडगळीत पडते. प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असे बजावलेले असेल तरच कोणी तिच्या वाटेला जाते. पुढे अकरावीला विज्ञान शाखा घेतली की शंकुच्छेदाच्या प्रकरणात अन्वस्त भेटतो. तिथे त्याची ओळख वेगळीच करून देतात: नाभी नावाच्या एका बिंदूपासून आणि एका ठरलेल्या रेषेपासून सारख्या अंतरावर राहणाऱ्या बिंदूंचा मार्ग. शिरोबिंदू तर बहुतेक वेळा मुद्दाम आरंभबिंदूवरच बसवलेला असतो, म्हणजे शोधायला काही उरतच नाही. दहावीत घाम गाळून जो वर्ग पूर्ण केला, तोच शिरोबिंदूचा पत्ता होता, हे सांगायचे मात्र राहून जाते. ते सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. शिरोबिंदूपर्यंत जावे लागत नाही. तो कुठे आहे ते दोन्ही बाजूच सांगतात.

आधी अन्वस्ताविषयी दोन शब्द. य = अ·क्ष² + ब·क्ष + क या समीकरणाचा आलेख म्हणजे अन्वस्त. (पाठ्यपुस्तकात अक्षरे इंग्रजी असतात, इथे क्ष आणि य ठेवले आहेत, त्याने गणित बदलत नाही.) अ धन असेल तर आलेख वाटीसारखा वर उघडतो, ऋण असेल तर पालथा पडतो. वाटीचा सर्वांत खालचा किंवा पालथ्या वाटीचा सर्वांत वरचा बिंदू तो शिरोबिंदू. त्यातून जाणारी उभी रेषा म्हणजे अक्ष. अक्षाच्या डावीकडे जे असते तेच उजवीकडे असते. एवढे सगळ्या मुलांना पाठ असते. अडचण पुढे येते. ‘शिरोबिंदू काढा’ म्हटले की मुले −ब/२अ हे सूत्र लिहितात आणि ते कुठून आले असे विचारले की खिडकीबाहेर बघतात.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्याबाहेर जायची गरज पडली नाही. लोणार इथेच आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटर उंच आहे आणि काठावरून आतला तळ सुमारे १५० मीटर खाली आहे. लवणासुराची कथा, काठाजवळची सतत वाहणारी धार, पाण्याशेजारचे कमळजा देवीचे देऊळ आणि गावातले दैत्यसूदन मंदिर हे सारे या भागातल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ भूवैज्ञानिक तिला ज्वालामुखीचे मुख समजत राहिले. दख्खनचा सगळा काळा दगडच ज्वालामुखीतून आलेला, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या गिल्बर्ट यांनी ॲरिझोनाच्या विवराशी लोणारचे साम्य दाखवले. १९७३ मध्ये मात्र इथल्या खडकांत प्रचंड दाबाचा धक्का बसल्याशिवाय तयार होत नाहीत अशा खुणा सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. वयाचा वाद अजून आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरते, तर दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाख वर्षांच्या पुढे जाते. दोन्ही आकडे ध्यानात ठेवावेत आणि गणिताच्या वाटेला लागावे.

गणिताच्या दृष्टीने लोणारचे वैशिष्ट्य असे की त्याचा खरा तळ कोणाला दिसत नाही. उल्का आदळते तेव्हा खडक बाहेर आणि खाली ढकलला जाऊन क्षणभर एक खोल खड्डा तयार होतो. विवरांचा अभ्यास करणारे त्या क्षणिक खड्ड्याचा आकार अन्वस्त अक्षाभोवती फिरवल्यावर होणाऱ्या वाटीसारखा धरतात. त्याची खोली रुंदीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी असते. पण तो टिकत नाही. भिंती लगेच आत ढासळतात आणि फुटलेल्या खडकांचा चुरा तळाशी साठतो. मग हजारो पावसाळे गाळ आणून टाकतात. लोणारच्या तळ्याखाली सुमारे १०० मीटर गाळ आहे आणि त्याखाली तो चुरा. छिद्रे पाडली तेव्हा हे कळले. हे ऐकल्यावर वर्गातला एक पोरगा म्हणाला होता, ‘‘सर, मंग तळ तं गाळात गेला ना! त्याले कसं पाह्यचं?’’ याहून नेमका प्रश्न मला शिरोबिंदूवरच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही.

पाहायचे कसे? पाण्याची कड बघायची. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, म्हणून तळ्याच्या कडेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीवर असतात. विवराचा उभा छेद घेतला तर पाणी त्याच्या भिंतींना दोन ठिकाणी टेकते, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि दोन्ही ठिकाणांची उंची सारखीच. वाटी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर तळ या दोन ठिकाणांच्या बरोबर मध्यावर, उभ्या रेषेत खाली असला पाहिजे. त्यासाठी पाण्यात उतरायची गरज नाही.

आता पावसाळा येऊ द्या. पाणी चढते, कड दोन्हीकडे बाहेर सरकते, मधले अंतर वाढते. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि कडा आत येतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी इतके आटले आणि खारटपणा इतका वाढला की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळे गुलाबी दिसू लागले, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत लोणार आले. पण पाणी कितीही चढो वा उतरो, दोन कडांचा मध्य हलत नाही. बीजगणितात याच पाण्याच्या पातळीचे काम ‘क’ करतो. क बदलला की समीकरणाची मुळे एकमेकांपासून दूर जातात किंवा जवळ येतात. मुळांचा मध्य जागचा हलत नाही. क्ष² − १०क्ष + २१ ची मुळे ३ आणि ७, मध्य ५. क्ष² − १०क्ष + १६ ची मुळे २ आणि ८, मध्य पुन्हा ५. क्ष² − १०क्ष + २५ मध्ये दोन्ही कडा ५ वर येऊन मिळतात, म्हणजे पाणी शेवटच्या थेंबावर आले.

आणि क ३० केला तर? वास्तव मुळेच नाहीत. पाण्याची पातळी वाटीच्या तळाच्याही खाली गेली, आता ती भिंतींना टेकणार कुठे? इथे पुष्कळ मुले वही मिटतात. सूत्र वापरून पाहतात, वर्गमुळाच्या आत ऋण संख्या येते, ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहून मोकळी होतात. पण वाटी तर आहे, आणि तिला तळही आहे. पाणी नसले तर आपण स्वतःच एक आडवी दोरी ताणायची. कुठे ताणायची? जिथे सगळ्यात सोपे जाईल तिथे. क्ष शून्य असताना य ची किंमत ३० येते, मग ३० च्याच उंचीवर ताणू: क्ष² − १०क्ष + ३० = ३०. दोन्हीकडचे ३० गेले आणि क्ष(क्ष − १०) = ० उरले. कडा ० आणि १० वर, मध्य ५. तिथली उंची २५ − ५० + ३०, म्हणजे ५. शिरोबिंदू (५, ५).

हीच युक्ती कुठल्याही वर्गसमीकरणाला लागू पडते. अ·क्ष² + ब·क्ष + क या वाटीवर क उंचीची दोरी ताणली की क निघून जातो, क्ष(अ·क्ष + ब) = ० उरते, आणि कडा येतात ० आणि −ब/अ. त्यांचा मध्य −ब/२अ. सूत्र पाठ करायची गरज संपली. विसरले तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा काढता येते. दुसऱ्या प्रकरणात हे पुष्कळ उदाहरणांनी घोटून घेतले आहे. त्या प्रकरणापुरते सूत्र वापरू नये अशी विनंती आहे. शिक्षकांनाही.

पूर्ण वर्ग करणे म्हणजे दुसऱ्या कपड्यातली हीच क्रिया. क्ष² − १०क्ष + ३० हे (क्ष − ५)² + ५ असे लिहिले की मधले पद नाहीसे होते. मधले पद हे आपण अक्षापासून बाजूला उभे आहोत याची खूण असते; अक्षावर जाऊन उभे राहिलो, म्हणजे क्ष ऐवजी (क्ष − ५) मोजू लागलो, की ते उरत नाही. आपल्या जुन्या बीजगणितात या क्रियेला मध्यमाहरण म्हणत. भास्कराचार्यांनी बीजगणितात याविषयी श्रीधराचार्यांचा नियम दिला आहे. श्रीधरांचा मूळ ग्रंथ आज मिळत नाही, नियम भास्कराचार्यांमुळे टिकला. तो असा: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा. तसे केले की डावीकडे (२अ·क्ष + ब) याचा वर्ग तयार होतो, आणि वाटेत कुठेही अपूर्णांक येत नाही. शाळेत आपण आधी अ ने भागतो आणि मग ब/२अ चे वर्ग करत बसतो. मला विचाराल तर श्रीधरांची रीत दहावीच्या मुलांना जास्त मानवेल. आणि तो कंस शून्य कधी होतो? क्ष = −ब/२अ असताना. श्रीधर-भास्करांना समीकरणाची उकल हवी होती, त्यांनी आलेख काढलेला नाही. पण त्यांच्या कंसात शिरोबिंदू आहे.

भास्कराचार्यही आपल्यापासून फार लांबचे नाहीत. अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेत आपली पैनगंगा उगम पावते, त्याच रांगेच्या पायथ्याशी पश्चिमेला, चाळीसगाव तालुक्यात पाटणे आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. हे सांगणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पुस्तिकेतले तिसरे प्रकरण मला सगळ्यांत जवळचे आहे. शिरोबिंदूजवळ चूक स्वस्त पडते, हा त्याचा विषय. समजा गोठ्याच्या लांब भिंतीला लागून शेळ्यांसाठी वाडा करायचा आहे. भिंतीची बाजू फुकट मिळते, उरलेल्या तीन बाजूंना २४ मीटर जाळी आहे. भिंतीपासून बाहेर येणारी प्रत्येक बाजू क्ष मीटर ठेवली तर समोरची २४ − २क्ष होते आणि क्षेत्रफळ क्ष(२४ − २क्ष). हे क्षेत्रफळ शून्य होते क्ष = ० ला आणि क्ष = १२ ला. मध्य ६. तेव्हा सर्वांत मोठा वाडा ६ गुणिले १२, म्हणजे ७२ चौरस मीटर. खांब रोवणाऱ्याने ६ ऐवजी ५ मीटरवर खड्डे घेतले तर ७० चौरस मीटर मिळतात, ७ वर घेतले तरी ७०. तोटा फक्त २. दोन मीटर चुकला तर ६४, तोटा ८. तीन मीटर चुकला तर ५४, तोटा १८. तोटा चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: चूक तिप्पट, तोटा नऊपट. म्हणून शिरोबिंदूच्या आसपास असताना इंचाइंचाचा हिशेब करण्यात फारसा अर्थ नसतो, आणि लांब असताना एक पाऊल सरकल्यानेही पुष्कळ फरक पडतो. पेरणीचे अंतर किंवा खताची मात्रा अशा ज्या ज्या गोष्टींत कमीही चालत नाही आणि जास्तीही चालत नाही, तिथे सर्वोत्तम बिंदूजवळ आलेख बहुधा असाच वागतो. तो अख्खा अन्वस्त असतोच असे नाही. शिरोबिंदूजवळ तो अन्वस्तासारखा दिसतो, आणि तेवढे पुरते.

वर फेकलेल्या चेंडूविषयी थोडक्यात सांगतो. सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूची उंची, गुरुत्वीय त्वरण १० धरले तर, २०क्ष − ५क्ष² इतकी असते. क्ष म्हणजे सेकंद. तो ० आणि ४ सेकंदांना हातात असतो, म्हणून २ सेकंदांना सर्वांत वर, २० मीटरवर. मुलांचा गोंधळ आलेखात होतो. आलेख कमानीसारखा दिसतो म्हणून चेंडूही कमानीने गेला असे त्यांना वाटते. चेंडू सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. कमान काळ आणि उंची यांच्या आलेखात आहे. गोफणीच्या धोंड्याची गोष्ट निराळी. त्याची वाट, हवेचा अडथळा सोडला तर, खरोखरच अन्वस्त असते. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात हे सिद्ध केले. त्या वाटेच्या शिरोबिंदूवर धोंडा थांबत नाही. त्याचे वर जाणे थांबते, पुढे जाणे चालूच राहते.

आता लोणारकडे एकदा परतायला हवे, कारण तिथे मी वाचकाकडून एक सूट घेतली आहे. आजचे विवर हा एक अखंड अन्वस्त नाही. त्याच्या भिंती उभट आणि तळ सपाट आहे. तरीही एक हिशेब करून बघण्याजोगा आहे. काठ मध्यापासून ९०० मीटरवर, पाण्याची कड सुमारे ६०० मीटरवर आणि काठापासून पाण्यापर्यंतची उतरण गणितापुरती १४० मीटर धरू. या दोन ठिकाणांतून जाणारा, मध्यावर शिरोबिंदू असलेला अन्वस्त काढला तर अ = १४० ÷ (९००² − ६००²), म्हणजे जवळजवळ ०.०००३१ येतो. पाण्याच्या कडेपासून शिरोबिंदू ६००² गुणिले अ इतका खाली. उत्तर ११२ मीटर. पाणी जेमतेम काही मीटर खोल आहे, तेव्हा हा शिरोबिंदू पडतो थेट गाळात, आणि गाळाची जाडी वर सांगितल्याप्रमाणे सुमारे १०० मीटर आहे. हा मेळ पाहून मलाही आनंद झाला होता. पण त्याला पुरावा समजू नये. भिंती ढासळल्या आहेत, झिजल्या आहेत. आपण धरलेले आकडे ठोकळ आहेत. मूळ खड्डा याहून खोल होता आणि गाळाखाली चुऱ्याचा थर आहेच. बाजूंवरून तळ सांगायची रीत बरोबर आहे. ती किती विश्वासाने वापरावी, हे बाजू किती शाबूत आहेत यावर ठरते. चौथे प्रकरण सगळे याच सावधगिरीवर आहे आणि ते मुद्दाम रुक्ष ठेवले आहे.

शिरोबिंदू नेहमी मध्येच असतो, हा आणखी एक समज. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या अन्वस्ताकार आहेत आणि त्यांचा शिरोबिंदू तबकडीच्या मधोमध आहे. पण आपल्या गावातल्या घरांवर टीव्हीची जी छत्री असते तिचे तसे नसते. ती मोठ्या अन्वस्ताकार वाटीचा एका बाजूचा तुकडा असते. शिरोबिंदू तिच्या खालच्या कडेपाशी किंवा कडेच्याही बाहेर येतो. समोर दांड्यावर बसवलेला लहान डबा नाभीपाशी असतो, आणि तुकडा एका बाजूचा असल्यामुळे त्या डब्याची सावली येणाऱ्या लहरींवर पडत नाही. छत्री जवळजवळ उभी दिसते आणि उपग्रह मात्र ती जिकडे तोंड करून आहे असे वाटते त्याच्या बराच वर असतो, याचे कारण हेच. छत्रीचा मध्य हा अन्वस्ताचा शिरोबिंदू नव्हे.

रस्त्यावर हे अधिक स्पष्ट होते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. अशा वेगाच्या रस्त्यावर चढ संपून उतार लागतो तिथे टोक ठेवून चालत नाही. गाडी उडेल आणि पलीकडचे दिसणार नाही. म्हणून चढ आणि उतार यांच्यामध्ये उभे वळण घालतात, आणि ते सहसा अन्वस्ताकार असते, कारण अन्वस्तावर उतार दर मीटरला सारख्याच प्रमाणात बदलतो. समजा १०० मीटरला २ मीटर असा चढ येतो आहे, पुढे १०० मीटरला ३ मीटर असा उतार आहे आणि वळण ५०० मीटर लांब आहे. सर्वांत उंच जागा कुठे? वर्गात दहातले नऊ जण ‘२५० मीटरवर’ म्हणतात. उतार +२ पासून −३ पर्यंत, म्हणजे एकूण ५ ने, ५०० मीटरांत सारख्या गतीने बदलतो, अर्थात दर १०० मीटरला १ ने. मग तो शून्य होतो २०० मीटरवर. शिरोबिंदू तिथे. खोलगट वळणावर हाच हिशेब उलटा करून सर्वांत खालची जागा काढतात, कारण पावसाचे पाणी तिथेच येते आणि त्याला वाट तिथेच द्यावी लागते. वळणाच्या मध्यावर गटाराचे तोंड ठेवले तर पाणी दुसरीकडे साचते.

शेवटच्या प्रकरणातला एक प्रश्न इथेच देतो, म्हणजे वाचक पेन्सिल हातात घेऊन आत शिरेल. वळण तेच, ५०० मीटरचे, पण आता २ चा चढ कमी होऊन १ चा चढ लागतो, उतार नाहीच. सर्वांत उंच बिंदू कुठे? उतार ५०० मीटरांत १ ने कमी होतो, म्हणजे शून्य व्हायला सुरुवातीपासून १००० मीटर लागतील. वळण तर ५०० वरच संपले. अन्वस्ताला शिरोबिंदू आहे, त्याची जागाही नेमकी सांगता येते, फक्त तिथे रस्ता त्या अन्वस्तावरून जात नाही. वळण संपले तिथून गाडी सरळ चढाला लागली आणि अजून चढतेच आहे.